अंगाखालचं ओझं

ज्येष्ठ वद्य नवमीला आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी दिघी, कळस, विश्रांतवाडी करत येरवड्याच्या फुलेनगरात येते. पण त्या सकाळी रस्त्यावर पालखीच्या आधी ट्रक दिसतात. प्रत्येक दिंडीचा आपला ट्रक. त्यात तंबू, गॅसच्या टाक्या, पातेली आणि वर रचलेल्या वळकट्या. वळकटीला सुतळी, सुतळीला ओळखीची खूण: लाल रिबन, साडीचा काठ, नाहीतर प्लॅस्टिकवर मार्करने लिहिलेलं गावाचं नाव. वळकटीचा मालक मागून चालत येत असतो. त्याच्या खांद्याला एक पिशवी, हातात टाळ. अंथरूण पुढे गेलेलं असतं.

पाठीवर पिशवी घेऊन डोंगरात जाणाऱ्या माणसाला या दृश्याचा हेवा वाटतो. त्याचं अंथरूण त्याच्याच पाठीवर असतं. म्हणून तो दुकानात उभा राहून दोन मॅटमधल्या दोनशे ग्रॅमच्या फरकाचा विचार करत बसतो. प्रवासी अंथरुणाचा इतिहास चाळताना मला हेच जाणवत राहिलं, की अंथरूण किती जड असावं हे झोपणारा ठरवत नाही, ते उचलणारा ठरवतो. दोघं एकच असतील तर अंथरूण हलकं होत जातं. वेगळे असतील तर त्याची खाट होते.

आधी थोडं अंथरुणाच्या कामाविषयी. ते मऊपणासाठी असतं असा आपला समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. रात्री थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, कारण जमीन अंगातली ऊब सतत ओढून घेत असते. पांघरुणात ऊब धरून ठेवते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. तेच पांघरूण अंगाखाली घेतलं की वजनाने दबतं, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. म्हणून खाली काहीतरी असं लागतं जे दबूनही पूर्ण दबत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाने १८५५ साली प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात झोपण्याआधी खडे-काटक्या वेचाव्यात आणि कमरेच्या हाडासाठी जमीन थोडी उकरून घ्यावी, असा सल्ला दिला. (पुढे याच गृहस्थाने माणसांची वंशावरून प्रतवारी करण्याचं शास्त्र काढलं. जमीन उकरण्यापुरतं त्याचं ऐकायला हरकत नाही.)

आपल्याकडे या कामाला घोंगडी होती. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगरांनी कातरलेली, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. ती अंगाला टोचते. पण त्याच राठपणामुळे ती पूर्ण दबत नाही, आणि भिजली तरी ऊब सोडत नाही. पावसात तीच डोक्यावर खोळ होते, उन्हात सावली, रात्री निम्मी खाली आणि निम्मी वर. वजन दोन-तीन किलो, पण एका वस्तूत तीन वस्तू. मेंढरांमागे चालणाऱ्याला दुसरं कोण उचलायला असणार? आजचे ट्रेकर एका वस्तूची अनेक कामं व्हावीत म्हणून जो आटापिटा करतात, तो धनगराने कधीच पुरा केला होता.

सतरंजीचं तसं नाही. सतरंजी सुताची, म्हणून हाताला गार. ओल धरते. देवळाच्या ओसरीवर, लग्नघरात ती उत्तम. आषाढात मोकळ्या रानावर तीच सतरंजी पहाटेपर्यंत ओलीचिंब होते. वारकऱ्यांनी यावर उपाय काढला तो प्लॅस्टिकच्या कागदाचा. अलीकडे त्याची जागा जुन्या फ्लेक्सने घेतली आहे. फ्लेक्स जाड असतो, फाटत नाही, फुकट मिळतो. शुभेच्छुक नेत्यांचे चेहरे खाली चिखलाकडे करून त्यावर सतरंजी पसरायची. त्या फ्लेक्सचा याहून सत्कारणी उपयोग माझ्या पाहण्यात नाही.

पालखीला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३०च्या दशकात. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले. लष्कर कसं हलतं, तळ कसा पडतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. पालखीला घोडे आणि तंबू मिळाले अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. दिंड्यांचे क्रम, मुक्काम, तळ या साऱ्यांत लष्करी छावणीची आठवण आहे. सामान वेगळं आणि माणसं वेगळी हलवायची ही छावणीचीच रीत. आधी बैलगाड्या होत्या, मग ट्रक आले.

त्याच दशकाच्या अखेरीस इंग्रजांची फौज अफगाणिस्तानात निघाली. तिच्यातल्या एका ब्रिगेडिअरच्या खासगी सामानाला ६० उंट लागले, असं त्या स्वारीचे इतिहास सांगतात. साहेबाची घडीची खाट, गादी, मच्छरदाणी, टेबल हे सगळं हलकं करण्याचं कारणच नव्हतं. उंट दुसऱ्याचा, हमाल दुसरा, पाठ दुसऱ्याची.

येरवड्यात ही विभागणी भिंत घालून पक्की झाली. इथला तुरुंग १८७१ सालचा. कैद्यांच्या कामात विणकाम महत्त्वाचं होतं. येरवडा जेलचे गालिचे त्या काळी नावाजलेले होते. विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून इथे नमुने उचलले गेले. ज्या हातांनी दिवसभर गालिचे आणि सतरंज्या विणायच्या ते हात रात्री जेलच्या कांबळीवर. गालिचा गाठीगाठीने भरत नेतात आणि प्रत्येक गाठ करकचून ठोकतात, त्यामुळे तो अतिशय जड असतो. पण तो उचलायचा नव्हता. तो बंगल्यात पसरून राहणार होता.

१९२२ साली गांधीजींना इथे आणलं तेव्हा सुरुवातीला अंथरायला जेलच्या कांबळी होत्या, उशी नव्हती. १९३०पासून कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग झाले. वर्ग ठरे तो माणसाचं शिक्षण, समाजातलं स्थान आणि बाहेरचं राहणीमान पाहून. म्हणजे एकाच सत्याग्रहात, एकाच दिवशी पकडलेल्या दोघांपैकी वकिलाला खाट मिळायची आणि त्याच्याच गावच्या शेतकऱ्याला जमीन. जमिनीवर निजायची सवय आहे, तर त्याला जमीनच पुरे, असा तो हिशोब. अंथरुणाच्या इतिहासातलं हे पान मला सगळ्यांत वाईट वाटतं. कारण इथे थंडी मोजलीच जात नव्हती, माणूस मोजला जात होता.

पण याच तुरुंगाच्या नावाने हलकेपणाचं एक यंत्रही ओळखलं जातं. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटींत चरखा वजनाला हलका आणि एका जागेहून दुसरीकडे सहज नेता येण्याजोगा असावा, ही अट होती. १९३०मध्ये गांधीजी पुन्हा येरवड्यात आले, तेव्हा त्यांचे चरख्यावरचे प्रयोग चालू होते. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं आडवी बसवलेला, मिटला की पेटीएवढा होणारा चरखा ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर गेला. खोली बदलली, तुरुंग बदलला, गाडी बदलली तरी तो काखेत मारून नेता येई. हलकं करणं म्हणजे नुसतं बारीक करणं नव्हे, वस्तूची घडी बदलणं, हे त्या पेटीत दिसतं. मॅट बनवणाऱ्यांना पुढे हेच करावं लागलं.

मराठी ट्रेकर ज्याला ‘कॅरीमॅट’ म्हणतात तो शब्द ‘कॅरी करायची मॅट’ असा फोडला जातो. खरं तर ते व्यापारनाम आहे. सायकलच्या पिशव्या शिवण्यापासून सुरू झालेल्या इंग्लंडमधल्या कॅरिमोर कंपनीने १९६०च्या दशकात गिर्यारोहकांसाठी फोमची कॅरिमॅट बाजारात आणली. या फोममधला प्रत्येक बुडबुडा बंद असतो. त्यात पाणी शिरत नाही, हवा बाहेर पडत नाही. घोंगडीचा राठपणा जे काम अडखळत करत होता ते या बुडबुड्यांनी काहीशे ग्रॅममध्ये केलं. कंपनी इकडे फारशी कुणाला माहीत नाही, शब्द मात्र सह्याद्रीत रुजला.

१९७२ साली अमेरिकेत सिअॅटलमध्ये बोइंगमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी थर्मारेस्ट काढली. बागेत काम करताना गुडघ्याखाली घेतलेल्या स्पंजमधून हवा कशी निघते, हे पाहून सुचलेली कल्पना. स्पंजला हवाबंद पिशवीत घालायचं आणि झडप बसवायची. झडप उघडली की स्पंज फुगताना स्वतःच हवा ओढून घेतो. गुंडाळताना हवा काढून टाकायची. पुढे मॅट किती ऊब राखते याचा ‘आर’ आकडा आला. पण प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने मोजत होती. सर्वांसाठी एक मोजणी ठरली ती २०१८मध्ये. या आकड्याची सोय अशी की दोन थर एकावर एक घातले तर दोघांचे आकडे सरळ मिळवता येतात. घोंगडीवर घोंगडी टाकणाऱ्याला हे माहीतच होतं.

मग आपल्या डोंगरात काय न्यावं? हिमालयात बर्फावर झोपायचं असेल तर आर चारच्या पुढेच हवा आणि तिथे हवेची मॅट आपली किंमत वसूल करते. हरिश्चंद्रगड किंवा रतनगडाच्या डिसेंबरातल्या रात्रीला आठ-दहा मिलिमीटरची साधी फोमची मॅट निभावून नेते. खाली प्लॅस्टिकचा कागद, अंगावर चांगलं पांघरूण. महागडी फुगवायची मॅट इथे नेऊ नये, असं माझं मत आहे. तोडलेल्या कारवीचे खुंट आणि गुहेतले कातळाचे दात तिला सुखाने राहू देत नाहीत. रात्री दोनला हवा गेलेल्या मॅटवर निजणं म्हणजे नुसत्या कातळावर निजणं. फोमची मॅट भोकं पडली तरी मॅटच राहते. ती पिशवीबाहेर बांधावी लागते आणि फार जागा खाते, एवढा दोष मात्र पत्करावा लागतो.

गेल्या काही वर्षांत दिंडीच्या वळकट्यांतूनही फोमच्या गुंडाळ्या डोकावू लागल्या आहेत. योगासनांच्या, जांभळ्या-हिरव्या. फुलेनगरला थांबलेल्या एका ट्रकपाशी एक आजी आपली वळकटी सैल झाली म्हणून पुन्हा बांधून घेत होत्या. आत जांभळी मॅट आणि तिच्याभोवती गुंडाळलेली जाड सतरंजी. मी विचारलं, “आजी, मॅट आहे तर सतरंजीचं ओझं कशाला?”

“मॅट माझ्यापुरती हाय,” त्या म्हणाल्या. “आलं-गेलं माणूस बसवायचं कशावर?”

आणि पोराला म्हणाल्या, गाठ घट्ट मार, वर टाक.