दोन रूळ आणि एक उलटं चाक

तर झालं असं. परवाच्या शनिवारी सेकंडहँड आणलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल साफ करायला घेतलं. चाकांवरचा काळा थर पुसला, टेंडरचे आस काढून परत बसवले, गाडी रुळावर ठेवली आणि कंट्रोलरचा लाल दिवा पेटला. शॉर्ट! रात्री दीडपर्यंत मल्टीमीटर घेऊन बसलो होतो.

जुन्या लोकांना ही भानगडच नव्हती. १९३८ साली आलेल्या हॉर्न्बी डब्लोला तीन रूळ असत. बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने एकच, मधला वेगळा. त्यामुळे सगळी चाकं बिनधास्त धातूची. पण खऱ्या रेल्वेला कुठे असतो मधला रूळ? दिसायला ते खटकायचं. ट्राय-अँगने पन्नाशीच्या दशकात दोन रुळांवर स्वस्त गाड्या विकल्या, आणि १९५९ मध्ये डब्लोलाही दोन रुळांवर यावं लागलं. तोवर उशीर झाला होता. १९६४ मध्ये हॉर्न्बीची मेकॅनो कंपनी ट्राय-अँगवाल्यांच्याच ताब्यात गेली. मार्कलिन मात्र हट्टी. त्यांनी मधला रूळ काढला, पण स्लीपरांमध्ये बारीक खिळे ठेवले, ते आजही आहेत.

दोन रुळांची किंमत चाकांनी मोजली. एक रूळ प्लस, दुसरा मायनस, म्हणजे आसाने दोन्ही जोडले की संपलं. म्हणून प्रत्येक आसावरचं एक चाक प्लॅस्टिकच्या बुशने वेगळं करतात. माझ्या इंजिनात जुनी 'अमेरिकन' पद्धत आहे: इंजिन डाव्या रुळावरून वीज घेतं, टेंडर उजव्या. मी टेंडरचा एक आस उलटा बसवला होता. एक आस उजव्या रुळाला चिकटलेला, दुसरा डाव्या, आणि मध्ये टेंडरची धातूची चासी. कोडमध्ये प्लस-मायनसची चूक करणारा माणूस इथेही तीच करणार, दुसरं काय!

रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधले काका चहाला आले. सिग्नल खात्यातून रिटायर्ड. ऐकून खो खो हसले. म्हणाले, "अरे, तू ज्याला रडतोयस त्याच्यावर आमचं पोट होतं!"

भाईंदरवरून १९३६ पासून विजेची लोकल धावते. आधी १५०० व्होल्ट डीसी, मग २५,००० व्होल्ट एसी. चर्चगेटपर्यंतचा बदल २०१२ मध्ये पूर्ण झाला. वीज येते वरच्या तारेतून, परत जाते चाकांतून रुळात. पण ट्रॅक सर्किटमध्ये त्याच रुळांतून सिग्नलचा एक बारीक प्रवाहही खेळवतात. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने त्याचं पेटंट घेतलं. तुकड्याच्या एका टोकाला वीज, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की आस दोन्ही रूळ जोडतो, रिले पडतो, मागचा सिग्नल लाल. वायर तुटली, बॅटरी मेली, तरी लालच. खरं सांगतो, इतका सुंदर एरर हँडलिंग मी ऑफिसात पाहिलेला नाही.

"मग भीती कसली?" मी विचारलं.

काका गंभीर झाले. "गंज. कमी वापराच्या लाईनवर रूळ गंजतात. गाडी उभी असते, पण शॉर्ट होत नाही. सिस्टिमला वाटतं, लाईन रिकामी आहे."

माझ्या टेबलावर ती कापसाची काळी बोंडं तशीच पडली होती. काकांनी एक उचलून बघितलं. मग आम्ही आस फिरवला. इंजिन चाललं. सांध्यावर अजून अडखळतं, तिथे बोटाने ढकलावं लागतं.