दिवाळी अंक, दिवाळीनंतर

मी दिवाळी अंक दिवाळीत वाचत नाही. पुस्तकांबद्दल नेमाने लिहिणाऱ्या बाईने हे कबूल करणं म्हणजे जरा पंचाईतच आहे. दसरा झाला की मेसेज यायला लागतात, "यंदा कुठले घेऊ?" वसुबारसेपर्यंत माझी यादी तयार असेल असं लोक धरून चालतात. यादी तयार नसते. माझा पहिला अंक उघडतो तो तुळशीचं लग्न लागल्यावर, आणि शेवटचा मिटतो तो होळीच्या आसपास.

बाकीच्या खोडीही सांगून टाकते. अंक मी मागून वाचते, म्हणजे आधी जाहिराती, मग व्यंगचित्रं, मग कथा, आणि संपादकीय सगळ्यात शेवटी, तेही अंक आवडला असेल तरच. शक्यतो वाचनालयाचा अंक आणते. कोरा अंक मला परक्या घरात चपला घालून शिरल्यासारखा वाटतो. आधीच्या कुणाचा तरी चहाचा डाग असला की बरं वाटतं. आणि वार्षिक राशिभविष्य मी फेब्रुवारीत वाचते. तोवर त्यातले तीन-चार महिने होऊन गेलेले असतात, त्यामुळे ज्योतिषाला मार्क देता येतात. माझ्या राशीला आजवर कुणीही पस्तीसच्या वर मिळवलेले नाहीत.

हा सगळा माझाच चक्रमपणा आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. मग आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. दुधाच्या हिशोबाची लांबट वही, पण उलटी धरून मागच्या पानापासून लिहिलेली. पुढून दूध, मागून दिवाळी अंक. अंकाचं नाव, वाचून संपल्याची तारीख आणि एखाद-दोन शब्दांत शेरा. "बरा." "फुगवलेला." "शेवट आधीच कळला." "चित्रे चांगली, गोष्टी नाहीत." एका ठिकाणी नुसतंच "पुन्हा आणणे". १९६१ पासून १९८४ पर्यंतच्या एकूण २१२ नोंदी आहेत. एका रविवारी मी पंचांगं काढून बसले आणि सगळ्या तारखा ताडून पाहिल्या. बहुतेक मार्गशीर्ष, पौष आणि माघातल्या. दिवाळीच्या दिवसांतली एकही नाही. चोवीस वर्षांत एकही नाही.

यावर विचार करताना मला दिवाळी अंकांचा इतिहास पहिल्यांदा जरा वेगळा दिसायला लागला.

हा इतिहास आपण शाळेत एका ओळीत शिकतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला. थोडं खोदलं की कळतं, १९०५ च्या नोव्हेंबरात 'मित्रोदय' नावाच्या मासिकाने दिवाळीनिमित्त अंक काढला होता. पण तो चोवीस पानांचा, नेहमीच्याच ऐवजाचा. जाडजूड, सचित्र, निरनिराळ्या लेखकांचा, सणाची खरेदी म्हणून घरी आणायचा अंक ही कल्पना मित्रांचीच. मित्र हे त्यांचं मूळ आडनावही नव्हे. ते सावंतवाडीजवळच्या आजगावचे आजगावकर. बंगाली शिकले, बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या प्रेमापोटी आडनावसुद्धा बंगाली वळणाचं घेतलं. खोडी म्हणाल तर ही माझ्यापेक्षा बरीच मोठी.

काळ कसला होता तेही पाहा. टिळक मंडालेच्या तुरुंगात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाशिकला नाटकाच्या थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने छापखान्यांकडून जामीन मागणारा प्रेस ॲक्ट आणला. छापलेला शब्द म्हणजे संशयास्पद माल, अशा दिवसांत एक माणूस करमणुकीचा अंक काढतो. याला कुणी पळपुटेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही, पण तो वाद इथे नको. मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच प्रश्नाने. दिवाळीतच का?

उत्तर सोपं वाटतं. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना त्या काळच्या संपादकांसमोर होता. चार्ल्स डिकन्स १८५० पासून आपल्या साप्ताहिकाचे खास नाताळ अंक काढत होता. नाताळ थंडीतला सण. बाहेर काळोख, सुट्टी, शेकोटी आणि एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं ते चित्र. ते चित्र उचलून आपण दिवाळीवर बसवलं. आता आमच्या घरातली दिवाळी आठवा. पंधरा दिवस आधी चकलीची भाजणी भाजून दळायला द्यायची. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग शेव, कडबोळी, चिवडा, करंज्या. करंज्यांना चार हात लागतात, म्हणून शेजारणींच्या पाळ्या लावायच्या. नरक चतुर्दशीला सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवायचं, तेल लावायचं, ओवाळायचं. भाऊबीजेला नणंदा येणार. या सगळ्यात अंक कुणी वाचायचा? आजोबा वाचायचे. न्हाऊन, फराळाची ताटली शेजारी घेऊन, खिडकीशी. त्यांच्या दिवाळीत नाताळ अगदी बरोबर बसला होता.

गंमत म्हणजे मुखपृष्ठावर मात्र हमखास बाईच. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं लोक कापून भिंतीवर लावत. हातात निरांजन, केसांत गजरा, चेहऱ्यावर उजेड. रंग इतके देखणे की आजही नजर हटत नाही. पण ती चित्रातली बाई नुकतीच सावकाश न्हालेली असते. तिच्या कपाळाला पीठ लागलेलं नसतं. मी हे चित्रकारांवर दोष म्हणून म्हणत नाही, दलाल मला फार आवडतात. फक्त अंकाच्या बाहेर आणि आत दिवाळी वेगवेगळी होती, एवढंच.

बायकांसाठी कुणी लिहीत नव्हतं असं नाही. आजीचं माहेर किर्लोस्करवाडीपासून जवळ. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून १९२० मध्ये तिथे सुरू झालेला 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाला आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' काढलं. आजी लग्नाआधी दोन्ही वाचायची. 'स्त्री'चा दिवाळी अंकही यायचा तो दिवाळीतच, म्हणजे तिच्या हाती मोकळा वेळ सगळ्यात कमी असताना.

मग २१२ अंक वाचून झाले कसे? सर्क्युलेटिंग लायब्ररीमुळे. मला विचाराल तर दिवाळी अंकांच्या इतिहासात संपादकांच्या खालोखाल नाव घ्यायला हवं ते या लायब्रऱ्यांचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. त्यांच्या मागून गावोगाव छोटी वाचनालयं निघाली आणि त्यातल्या अनेकांनी दिवाळी अंकांची वेगळी योजना सुरू केली. एकदाच पैसे भरायचे, वर अनामत, आणि मार्चअखेरीपर्यंत हवे तितके अंक बदलून आणायचे. एरवी एका घराला परवडतील दोन किंवा तीन अंक. योजनेत पंधरा-वीस सहज होत. शिवाय योजनेने अंकाचं वेळापत्रकच मोडलं. भाऊबीजेला शिळा होणारा माल चार महिने पुरायला लागला. पहिल्या आठवड्यात मोठे अंक मिळायचे नाहीत. ते वर्गणीदार पुरुष नाहीतर ग्रंथपालाच्या ओळखीचे लोक घेऊन जात. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत तेच अंक परत येऊन कपाटात पडलेले असायचे. तेव्हा बायका जायच्या.

आजीच्या वहीत हे स्पष्ट दिसतं. 'मौज' दरवर्षी जानेवारीच्या मध्यावर येतो. 'हंस' त्याच्याही नंतर. संक्रांतीच्या पंधरवड्यात नोंदी एकदम वाढतात, एकेका आठवड्यात तीन-तीन. आईला विचारलं तर ती हसली. "हळदीकुंकवाला जाताना पिशवीत अंक असायचाच की. वाण घ्यायचं आणि अंक बदलून यायचं." एका अनामतीवर चार घरं वाचायची. वाचनालयाच्या नियमात हे बसत नव्हतं, आणि वाचनालयाला ते माहीत नव्हतं असंही नाही.

वाचायला मिळायचा तो वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, दुपारची भांडी झाल्यापासून मुलं शाळेतून येईपर्यंतचा. मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्या अशा वाचकाला सोसत नाहीत. 'मनोरंजन'च्या काळाला मराठी कथेच्या इतिहासात विठ्ठल सीताराम गुर्जरांचं नाव जोडलेलं असतं. त्यांच्या कथेची ओळखच 'संपूर्ण गोष्ट', एका बैठकीत सुरू होऊन संपणारी. पुढे दिवाळी अंकाचा कणा हीच गोष्ट झाली. समीक्षक तिच्या घाटाबद्दल खूप लिहितात. मला वाटतं, त्या घाटात दुपारच्या पाऊण तासाचाही वाटा असणार.

एक अंक मात्र वहीत नाही, आणि तो तिने वाचला होता हे मला तिच्याच तोंडून कळलंय. 'रंभा'चा १९६२ चा दिवाळी अंक. त्यात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा होती. पुण्यातून तिच्याविरुद्ध अश्लीलतेची तक्रार झाली. खालच्या कोर्टात लेखक सुटला, हायकोर्टाने त्याला दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला आणि आरोपींकडे असलेल्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये तिथे ते निर्दोष सुटले. समाजाची मोजमापं वेगाने बदलताहेत, आणि लैंगिक उल्लेख आला म्हणून कादंबरी तरुणांना वर्ज्य ठरवली तर त्यांच्यासाठी फक्त धार्मिक पुस्तकं उरतील, असा त्या निकालाचा आशय. पुढच्या अश्लीलतेच्या खटल्यांत हा निकाल वारंवार आधाराला घेतला गेला. एका दिवाळी अंकातली एक गोष्ट पार तिथपर्यंत गेली.

कोर्टापुढे सात वर्षं प्रश्न होता तो वाचकाचा. ही गोष्ट कुणाच्या हाती पडेल, आणि त्याचं काय होईल? चर्चा पोरसवदा वाचकाची चालली होती. सांगलीत तिशी ओलांडलेल्या तीन मुलांच्या आईच्या हाती ती पडलीय हे कुणाच्या मनातही आलं नसेल. आजोबा तो अंक गादीखाली ठेवत. "आणि गादी रोज झटकतं कोण, हे त्यांना कधी सुचलंच नाही बघ," आजी म्हणाली होती. मी विचारलं, "मग कशी होती गोष्ट?" ती थोडा वेळ थांबली. "एवढं काही नव्हतं गं त्यात. पण वाचताना दाराला कडी लावली होती." तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती आणि हे सांगतानासुद्धा तिने दाराकडे बघितलं. वहीत तिने तो लिहिला नाही. वही कुणीतरी पाहील याची तिला भीती होती, म्हणजे आपला वाचक आपल्यामागेही असणार हे तिला माहीत होतं.

'आवाज'बद्दल असली चोरी नव्हती. पन्नाशीच्या दशकात मधुकर पाटकरांनी काढलेल्या या विनोदी अंकाच्या खिडक्या सगळं घर उघडून पाहायचं. कागदाला चौकोनी भोक, त्यातून काहीतरी चावट दिसतंय असं वाटावं आणि पान उलटलं की भलतंच निघावं. वाचनालयाच्या प्रतीत या खिडक्या फेब्रुवारीपर्यंत फाटून लोंबत असतात. कुणीतरी त्यांना चिकटपट्टी लावलेली असते, आणि हमखास चुकीच्या बाजूने. मला त्या तशाच आवडतात.

लॉकडाऊनच्या वर्षी वाचनालयं बंद होती. अंक उशिरा आले, काही फक्त पडद्यावर आले. मी पहिल्यांदाच ऐन पाडव्याला एक अंक फोनवर उघडला. फराळ बाहेरून आणलेला, पाहुणे नाहीत, वेळच वेळ. आजोबांची दिवाळी म्हणतात ती हीच असणार. दोन कथा वाचल्या, चांगल्या होत्या, नावं मात्र आठवत नाहीत. पुढचा अंक मी सरळ मार्गशीर्षात उघडला.

वही मी पुढे चालू ठेवलीय. १९८४ नंतरची पानं कोरीच होती. शेरे तिच्याच मापाचे, दोन शब्दांच्या वर नाही. फोनवर मी हजार-हजार शब्द लिहिते त्या अंकांना वहीत "बरा" मिळतो. काल वाचनालयातून आठवणीचा फोन आला, "ताई, तीन अंक आहेत तुमच्याकडे. होळीच्या आत आणून द्या, बाइंडिंगला टाकायचेत." दोन देऊन टाकेन. तिसऱ्यातलं भविष्य तपासायचं राहिलंय. मार्चमध्ये दूरचा प्रवास लिहिलाय.