तळटीप १४ : ‘सगळ्यांची एकच थैली’

१४. ‘सगळ्यांची एकच थैली’ : लेखकाचा रोख अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमधील उत्पन्नवाटपाकडे आहे. (इथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा अमेरिकी खेळ.) १९६१पूर्वी बहुतेक संघ दूरचित्रवाणीचे हक्क आपापले विकत. साहजिकच न्यूयॉर्कच्या संघाला घबाड मिळे आणि ग्रीन बेसारख्या छोट्या शहराच्या पदरी थोडकेच पडे. आयुक्त पीट रोझेल यांनी हक्क एकत्र विकून पैसा समसमान वाटण्याचा आग्रह धरला. न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा बंधूंना मोठ्या कमाईवर पाणी सोडावे लागणार होते, तरी त्यांनी होकार दिला. मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे न्यायालयाने एकत्रित विक्रीचा करार अडवला; तेव्हा संसदेने खास सूट देणारा कायदा केला आणि सप्टेंबर १९६१मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीबरोबरच्या १९६२च्या करारात १४ संघांना वर्षाला ४६.५ लाख डॉलर, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.३ लाख मिळाले.

आज संघ ३२ आहेत आणि दूरचित्रवाणीचा राष्ट्रीय पैसा अजूनही समसमान वाटला जातो. मैदानातील आलिशान कक्षांचे भाडे आणि स्थानिक प्रायोजकांचा पैसा मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. ग्रीन बे पॅकर्सला एक मालक नाही; तो लाखो भागधारकांचा संघ असल्याने दरवर्षी ताळेबंद जाहीर करतो. त्यातून एकेका संघाला मिळणारा सामाईक वाटा कळतो : २०२३-२४मध्ये ४० कोटी डॉलरहून अधिक. तुल्यबळ प्रतिस्पर्धी जगला तरच आपला सामना रंगतो, हे मालकांना उमगले, यातच या व्यवस्थेचे मोल आहे. – संपा.