मळसूत्री खाचेचा इतिहास

औरंगपुऱ्यातील या व्याख्यानमालेत राजवटींचे इतिहास पुष्कळ सांगितले गेले आहेत. आम्ही एका खाचेचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि लेथपुढे अधिक झाले; तेव्हा विद्वान श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडाला भोक पाडण्याचे ड्रिल आणून पाहा. त्याच्या अंगावर दोन खाचा वेटोळे घेत वर चढलेल्या दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत. पूर्वीचे ड्रिल चपटे असे; लोहार सळईचे टोक ठोकून पसरट करी आणि त्याला धार लावी. भोक खोल गेले की कीस आत दाटून बसे, ड्रिल पुनःपुन्हा बाहेर काढावे लागे. मळसूत्री खाचेतून कीस आपोआप वर चढतो आणि टोक कितीही वेळा घासले तरी ड्रिलाची जाडी तीच राहते. पोलादासाठी खाचेचा कल साधारण तीस अंशांचा ठेवतात, पितळेसाठी कमी, ॲल्युमिनियमसाठी जास्त.

आता ही खाच कापायची कशी? काम गोल फिरले पाहिजे आणि त्याच वेळी ठरलेल्या प्रमाणात पुढे सरकले पाहिजे. हे प्रमाण लीडस्क्रू आणि बदलत्या गियरांनी बांधून देणारा लेथ लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली याने 1800 च्या सुमारास उभा केला. हा मॉडस्ली जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात कारभार पाहत होता. आठवड्याला तीस शिलिंग मिळत, संसार वाढला, म्हणून त्याने पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा 1797 साली त्याने काम सोडून स्वतःचे दुकान थाटले. यंत्रविद्येच्या पुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत उरकतात. आम्हांला ती मोठी वाटते.

लेथवर मळसूत्री नक्षी काढण्याची अटॅचमेंट त्या काळात होती, पण ती श्रीमंतांच्या हौसेची. लंडनचे होल्टझाप्फेल असले लेथ बनवीत आणि धनिक मंडळी त्यांवर हस्तिदंत व शिसवी लाकूड कातीत. पोलादाच्या ड्रिलावरची खाच मात्र कामगार हातानेच घाशीत होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत बंदुका बनत. त्यांच्या बारीक भोकांसाठी लागणाऱ्या ड्रिलांच्या खाचा कामगार बारीक गोल कानशीने पोलादी सळईवर कोरीत असत. हातात सळई, हातात कानस, आणि कल डोळ्याने धरायचा! त्यात वेळ फार जातो, खर्च फार येतो, अशी तेथील फ्रेडरिक हॉव यांची तक्रार होती. त्यांनी ती ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउन यांच्यापुढे मांडली. ब्राउन यांनी युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले आणि पहिले यंत्र 14 मार्च 1862 रोजी प्रॉव्हिडन्स टूल कंपनीला दिले. त्यात काम लेथप्रमाणेच दोन टोकांत धरलेले, टेबलाच्या स्क्रूशी गियरांनी जोडलेले. टेबल कलते करता येई आणि कटर खाच कापीत जाई. पुढच्याच वर्षी स्टीफन मोर्स याने ट्विस्ट ड्रिलाचे पेटंट घेतले. कानस चालवणाऱ्याच्या मनगटात जे होते ते आता चार गियरांत आले.

आणखी एक नाव सांगितले पाहिजे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांचे हत्यार टोक लाल होईपर्यंत तापूनही पोलाद कापीत राहिले आणि पाहणारे थक्क झाले. आजचे हायस्पीड स्टीलचे ड्रिल याच वंशातले. कामगाराच्या डोक्यावर स्टॉपवॉच धरून उभा राहणारा टेलर तो हाच.

आमच्या मुलखात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू होऊन तेथून लेथ देशभर गेले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. औद्योगिक विकास महामंडळ आले ते 1962 मध्ये. चिकलठाणा आणि मागाहून वाळूज येथे कारखाने उभे राहिले. आज वाळूजमध्ये फोर्ब्जच्या टोटेम छापाची हत्यारे बनतात. म्हणजे ही खाच आमच्या दारात आली आहे.

पण ती त्यापूर्वीच, हरिहरच्या एका जुन्या लेथवर, आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. तो कारखाना लहान. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. खास मापाचे लांब ड्रिल मुंबईहून करून आणावे लागे आणि तोवर काम खोळंबे. तेथील एका टर्नरने भंगारातले गियर जमवले, क्रॉस स्लाइडवर एक छोटी मोटर कटरासह तिरपी बसवली आणि अटॅचमेंट तयार केली.

यातली मेख अशी. आटे पाडताना स्पिंडल बरेच फेरे घेतो आणि लीडस्क्रू थोडा फिरतो. येथे उलट. वीस मिलिमीटर जाडीच्या ड्रिलाला तीस अंशांचा कल द्यायचा तर एका फेऱ्यात खाच सुमारे 109 मिलिमीटर पुढे जाते. लीडस्क्रूचा आटा सहा मिलिमीटरचा, म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यामागे लीडस्क्रूचे अठरा फेरे. नेहमीप्रमाणे स्पिंडलकडून जोर दिला तर गियरांचे दात उडतात. म्हणून त्याने लीडस्क्रू फिरवला आणि स्पिंडलला त्याच्या मागून चालवले. परतताना कटर मागे घ्यायचा, नाहीतर गियरांतील ढिलाईमुळे खाच बिघडते. हे सारे तो चुकत, दात मोडत शिकला.

मालकांनी त्याला एक भिंतीवरचे घड्याळ दिले. तीन महिन्यांनी त्याच लेथपाशी स्टॉपवॉच आले आणि रोजच्या नगांचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. आम्ही युनियनतर्फे टूलरूमची श्रेणी मागितली. "काम तर अटॅचमेंट करते," असे व्यवस्थापक म्हणाले. आम्ही टेबलावर गियरांची टोपली ठेवली आणि म्हटले, साहेब, पंचवीस मिलिमीटरच्या ड्रिलाचे गियर लावून दाखवा. साहेबांनी टोपलीकडे पाहिले आणि चहा मागवला.

श्रेणी मिळाली, पण करारात ती त्या माणसाच्या नावावर लिहिली गेली, जागेच्या नावावर नाही. तो शब्द आम्ही वाचला होता आणि तरी सही केली. विजयाच्या घाईत होतो. तो निवृत्त झाला त्या दिवशी श्रेणीही गेली. त्याच्यामागून आलेला मुलगा तेच गियर लावी, तेच दात सांभाळी, आणि हेल्परचा पगार घेई. पुढे कॉम्प्युटरवर चालणारे ग्राइंडिंग यंत्र आले. ते कठीण केलेल्या सळईतून सबंध खाच घासून काढते. त्यापुढे उभा असलेला पोरगा कंत्राटदाराचा आहे, आणि कल किती ठेवायचा हे तोच यंत्राला सांगतो. त्याच्या श्रेणीची मागणी आम्ही लिहून दिली आहे. या वेळी ती जागेच्या नावावर मागितली आहे.

टर्नरची वही आमच्याकडे आहे. पंचवीस मिलिमीटरपुढे तीत 100, 20, 90, 20 असे चार गियर लिहिले आहेत.