वर्तना आणि पडछाया

छायाप्रकाशाचे तंत्र तैलचित्रणाबरोबर इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आले, असे सामान्यतः मानले जाते. ‘छाया’ ह्या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा बोध होत असल्यामुळे हा समज दृढ झाला असावा.

पहिली गोष्ट वर्तना. विष्णुधर्मोत्तरपुराणातील चित्रसूत्रात तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. मराठवाड्यातच, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुखाला ह्याच रीतीने उठाव आलेला आहे. मात्र तेथे प्रकाशाची दिशा सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट पडछाया. पाश्चात्त्य तैलव्यक्तिचित्रात प्रकाशाची दिशा आधी ठरते. उजेडातील गालावर जाड, अपारदर्शक रंग चढतो, छायेत पातळ थर राहतो आणि नाकाची पडछाया ओठाकडे उतरते.

१८७२ ते १८८५ ह्या काळात जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती तैलरंगातच केल्या. त्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे तैलव्यक्तिचित्रकार म्हणून ख्यातनाम झाले. म्हणजे दोन्ही रीती एकाच हाताखालून गेल्या.

तेव्हा पश्चिमेकडून आली ती छाया नव्हे, तर प्रकाशाची दिशा होय. वर्तना हा आकाराचा धर्म, पडछाया हा प्रकाशाचा. परिभाषेतही हा भेद राखला पाहिजे.