छत्रे, तंजावरची : बाळंतीण व बालकांची सोय

तंजावरच्या भोसले राजांनी कावेरी त्रिभुज प्रदेशात, विशेषतः रामेश्वराच्या यात्रामार्गावर, उभारलेली धर्मार्थ निवास-अन्नछत्रे. वाटसरूंना जेवण व निवारा देणे हे त्यांचे मुख्य काम. गर्भवती, बाळंतिणी, तान्ही मुले आणि पोरकी मुले यांची तजवीजही तेथे होत असे. माता-बाल आरोग्याच्या इतिहासात या तजविजीला मिळायला हवे होते ते स्थान अजून मिळालेले नाही.

अनेक छत्रे राजस्त्रियांच्या नावे आहेत. निडामंगलमचे यमुनांबाळ छत्र प्रतापसिंहाच्या (कार. १७३९–६३) काळातले, तर ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीच्या (कार. १७९८–१८३२). छत्रांचा खर्च त्यांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि छत्रांच्या जमिनींचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. १८०१ मध्ये सरफोजीने ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे पूर्वजांची धर्मकृत्ये असल्याने आपल्याच हाती ठेवावीत, अशी मागणी केली. त्यात छत्रांचा रोजचा शिरस्ता सांगितला आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या परैयरापर्यंत सर्वांना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवायचे राहिले असल्यास यावे, असा पुकारा होई. आजाऱ्यांना औषध व पथ्याचे जेवण, तान्ह्यांना दूध. अनाथ मुलांना तीन वेळचे जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाचे अभ्यंग, कपडे आणि शिक्षण. गर्भवतीचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होई, तिला योग्य ती औषधे दिली जात आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहता येई. मजकूर विनंतीपत्रातला आहे, त्यामुळे चित्र उजळ रंगवलेले असणार. तरी राजाला या गोष्टी अभिमानाने सांगाव्याशा वाटल्या, हेच महत्त्वाचे.

तीन महिन्यांची ही मुदत विशेष लक्षात घ्यावी. घरच्या बाळंतिणीलाही सव्वा महिन्याच्या विश्रांतीपलीकडे फारसे काही मिळत नसे. इथे तर पायी निघालेली, परमुलखातली, ओळखपाळख नसलेली बाई. अंगात बळ येऊन मूल काखेला मारून पुन्हा वाट धरता येईल, इतका हा अवधी आहे. भारतातील १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेही मुळात बाराच आठवड्यांची रजा दिली (२०१७ पासून सव्वीस), आणि तीही नोकरदार स्त्रीला.

सरफोजीच्या काळी धन्वंतरी महाल या त्याच्या वैद्यशाळेत औषधांचे प्रयोग चालत. तेथील अनुभव तमिळ पद्यात ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या ग्रंथमालेत नोंदवले गेले. त्यांत गर्भिणी व बालरोगांच्या चिकित्सेचाही भाग आहे.

१८५५ मध्ये सरफोजीचा मुलगा दुसरा शिवाजी पुत्राविना वारल्यावर कंपनीने गादी खालसा केली. छत्रे पुढे जिल्हा बोर्डाकडे आली आणि त्यांचा आरोग्यसेवेशी असलेला संबंध सुटत गेला.

छत्रांची सोय सुटली आणि १९६१ चा कायदा नोकरदार स्त्रीपुरता राहिला; मग भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकून राबणाऱ्या मजूर स्त्रीला पगारी रजा कोण देणार? या प्रश्नाला तमिळनाडू सरकारचे उत्तर १९८७ मध्ये आले : तंजावरशेजारच्या पुदुक्कोट्टैत १८८६ साली जन्मलेल्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व साहाय्य योजना. आरंभी तीनशे रुपये असलेली मदत २००६ मध्ये सहा हजार, २०११ मध्ये बारा हजार आणि २०१८ मध्ये अठरा हजारांवर गेली. त्यांपैकी चार हजारांचा पोषण आहार. हप्ते गरोदरपणातील नोंदणी, सरकारी दवाखान्यातील प्रसूती आणि बाळाचे लसीकरण यांना जोडलेले आहेत. मात्र लाभ पहिल्या दोन बाळंतपणांपुरता आहे. तिसऱ्या खेपेची मजूर बाई, म्हणजे बहुधा सर्वांत थकलेली, त्यातून वगळली जाते; सरफोजीच्या पत्रात छत्राच्या दाराशी अशी कोणतीही मोजणी नाही.