शस्त्रक्रियांची संख्या व रुग्ण वाचण्याचे प्रमाण (तातडीच्या शस्त्रक्रिया)

जी शस्त्रक्रिया एखाद्या रुग्णालयात वर्षभरात वारंवार होते, तिच्यानंतर रुग्ण वाचण्याचे प्रमाण तेथे बहुधा जास्त असते. लुफ्ट, बंकर व एंथोव्हेन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील सुमारे दीड हजार रुग्णालयांच्या नोंदींवरून हा संबंध मांडला. बर्कमायर यांच्या २००२ मधील अभ्यासात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचा मृत्युदर सर्वांत कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के, तर सर्वाधिक करणाऱ्यांत ३.८ टक्के आढळला. मानेतील रोहिणीच्या शस्त्रक्रियेत मात्र फरक नाममात्र होता.

हे निष्कर्ष मुख्यतः पूर्वनियोजित शस्त्रक्रियांचे आहेत. आतडे फुटलेल्या किंवा पोटातील महारोहिणी फाटलेल्या रुग्णाला रुग्णालय निवडायला सवड नसते. शिवाय लांबच्या मोठ्या केंद्रापर्यंत नेण्यात जाणारा वेळही जिवावर बेतू शकतो. म्हणून तातडीच्या शस्त्रक्रियांत केवळ वार्षिक आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

संख्येमागे खरे काम करते ती यंत्रणा. आतडे जोडल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री रुग्णाची नाडी वाढते, लघवी कमी होते, पोट ताठरते. जोड गळत असल्याची ही चिन्हे परिचारिकेने ओळखायला हवीत, वरिष्ठ सर्जन लगेच यायला हवा, सीटी स्कॅन, रक्त, भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभागातील खाट त्याच रात्री मिळायला हवी. गाफेरी, बर्कमायर व डिमिक यांनी २००९ मध्ये कमी व जास्त मृत्युदराच्या अमेरिकी रुग्णालयांची तुलना केली. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर दगावणाऱ्यांचे प्रमाण १२.५ विरुद्ध २१.४ टक्के होते. या विषयातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच म्हणावा लागेल: गुंतागुंत सगळीकडेच होते, तिच्यातून रुग्णाला बाहेर काढणे सगळ्यांना जमत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या अखेरीपासून तातडीने पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. शस्त्रक्रियेआधी धोका मोजला का, वरिष्ठ सर्जन व भूलतज्ज्ञ हजर होते का, रुग्णाला नंतर अतिदक्षता विभागात नेले का, हे रुग्णालयागणिक तपासले जाते. तेथील ३० दिवसांतील मृत्युदर सुरुवातीला सुमारे ११ टक्के होता. पुढील काही वर्षांत तो ९ टक्क्यांच्या आसपास आला.